नवसाचा शनिवार

"शनिवारी सहा वाजता, बेर शेव्हाला. आणि या वेळी तू येतोयस," शाऊल मास्तर म्हणाला.

अबनेर झिराडकरने केसांतला कापूस झटकला. साचेखात्यातून बाहेर आलं की पहिली पाच मिनिटं त्याच्या कानांत यंत्रंच फिरत असत, समोरच्याचं बोलणं लांबून आल्यासारखं यायचं. गिरणीच्या फाटकाबाहेर चहाची सुट्टी चालू होती.

"शनिवारी?" त्याने विचारलं.

"नाही, मशीहा येईल त्या दिवशी! शनिवारीच म्हणालो ना?" मास्तरने सूर्यफुलाच्या बियांची सालं थुंकली. हा मूळचा रुमानियाचा, शाळेत कसरत शिकवायचा आणि अठरा वर्षं दिमोनाचा बास्केटबॉल संघ सांभाळत होता. उंची म्हणाल तर अबनेरच्या खिशापर्यंत. "मोसमाच्या शेवटच्या दिवशी सगळे सामने एकाच वेळी ठेवलेत, मी काय करू? जिंकलो तर वरच्या गटात. दिमोना आणि वरचा गट, ऐकलंस का कधी? आणि आपला तो लांबटांग परवा सरावाला घोटा मुरगळून बसलाय. आता माझ्याकडे उंच माणूस एकच उरला."

"मास्तर, शनिवारी मी..."

"थांब. सोळा वर्षं झाली. मी तुला कधी शनिवारचं विचारलं?"

"नाही."

"एकदा तरी?"

"नाही विचारलंत."

"मग आता विचारतो. होदू, ऑक्टोबरात तुला पस्तीस लागतील. तुझ्या डाव्या गुडघ्याला तर आत्ताच साठ लागलेत. पुढच्या वर्षी तू बाकावरसुद्धा नसशील, हे मला ठाऊक आहे नि तुलाही. हा एक सामना खेळ. मग तू आणि तुझा देव, काय ते आपसांत बघून घ्या."

होदू म्हणजे हिब्रूत हिंदुस्थान. संघात त्याला सगळे याच नावाने हाक मारायचे, आणि त्यालाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

"आईला विचारावं लागेल," अबनेर म्हणाला.

शेजारी चहा पीत उभे असलेले दोघेजण फिस्सकन हसले. "ऐकलं का रे! एवढा घोडा झालाय, दोन पोरींचा बाप, आणि आईला विचारून येतो म्हणे!"

मास्तर मात्र हसला नाही. त्याला ठाऊक होतं. गावातल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं, की अबनेर झिराडकर हा नवसाचा माणूस आहे.

तो सहा वर्षांचा असताना, अलिबागजवळ झिराडला, त्याला घटसर्प झाला होता. घसा बंद झाला, डॉक्टरने हात टेकले. तेव्हा त्याच्या आईने, शेगुलाबाईने, प्रेषित एलियाहू हानबीला नवस बोलला, की हा पोर वाचव, हा शनिवारचा शब्बाथ मोडणार नाही. पोर वाचला. नऊ वर्षांचा असताना सगळं घर बोटीत बसून इस्राएलला आलं, वाळवंटात दिमोनाला दोन खोल्या मिळाल्या, आणि अबनेर जो उंच व्हायला लागला तो सव्वासहा फुटांवर जाऊन थांबला. आपल्या कोकणातल्या यहुद्यांत एवढी उंची कुणी बघितली नव्हती. बाया शेगुलाला विचारायच्या, "काय गं, याला काय माडाचं खत घालतेस?"

शाऊल मास्तरने त्याला पकडून मैदानावर नेलं आणि चेंडू हातात दिला. हात असा चालायचा, की बघत राहावं. पण शुक्रवारी सूर्य बुडाला की चेंडू खाटेखाली, तो शनिवारी रात्री तीन तारे दिसेपर्यंत. संघाचे अर्धे सामने सोमवारी-गुरुवारी असत, अर्धे शनिवारी. त्यामुळे अबनेर आयुष्यभर अर्धाच खेळाडू राहिला. शनिवारी सकाळी प्रार्थना, दुपारी जेवण, वामकुक्षी, मग पोरींना घेऊन झाडाखाली. रस्त्यावरून कुणी ओरडून सांगायचं, हरलो रे! किंवा, जिंकलो! त्यावर तो हात हलवायचा.

एकोणिसाव्या वर्षी तेल अवीवच्या एका मोठ्या संघाचा माणूस घरी आला होता. पांढरे बूट घातलेला. वेलचीचा चहा प्यायला, दोनदा मागून प्यायला. म्हणाला, हा मुलगा मला द्या, दोन वर्षांत तुम्ही याला पेपरात बघाल. बाबा म्हणाले, "शनिवारी आमचा मुलगा खेळत नाही." माणूस म्हणाला, महिन्यातून दोनच शनिवार. बाबा म्हणाले, "एकही नाही." संपलं. माणूस गेला, अबनेर गिरणीत लागला. साच्यावर सूत तुटलं की जोडायचं. पंधरा वर्षं तो तुटलेलं सूत जोडत होता, आणि हाताला अजून तीच सफाई होती.

शुक्रवारी दुपारी पाळी संपवून तो थेट आईकडे गेला. शेगुलाबाई दोन इमारती सोडून एकटी राहायची. वय बहात्तर, जीभ पंचविशीतली. स्वयंपाकघरात मासे तळणं उरकलं होतं, आणि ती शब्बाथच्या किद्दुशसाठी, जेवणाआधी आशीर्वाद म्हणून प्यायच्या पेल्यासाठी, भिजवलेल्या मनुका फडक्यात घालून पिळत होती. विकतची दारू मिळत असली तरी तिला आपल्याकडचं मनुकांचं शरबतच लागायचं.

"पाय पुसलेस?" तिने वळून न बघता विचारलं.

"पुसले."

"मग बस. मासा घे. ह्या मेल्या बर्फातल्या माशाला काय चव हाय? पण घे."

अबनेर बसला. स्टुलावर बसला की त्याचे गुडघे टेबलाच्या वर यायचे. त्याने वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती. ती सगळी तो विसरला.

"आय, नवस सोडवता येतो का? एका दिवसापुरता?"

"कुनाचा नवस?"

"माझा. शब्बाथचा."

"त्याचं काय?"

"उद्या सामना आहे. यानंतर मी काही खेळत नाही, गुडघा गेलाय. हा एकच. एलियाहू हानबीला जे काय द्यायचं ते देऊ. मलिदा करू, एकाला दोन करू. फक्त उद्याचा दिवस..."

शेगुलाबाईने फडकं पुन्हा पिळलं. थेंब पडायचे थांबले तेव्हा ती म्हणाली, "अरं, पन तो नवस तर कवाच फिटला."

"फिटला म्हणजे?"

"फिटला म्हंजे फिटला. तुला तेरा पुरी झाली तवा मलिदा नव्हता का केला? तुज्या मावशीनं मुंबईहून पोहे धाडलेले, बोटीनं. अर्धे पोहे नि अर्धे किडे. रातभर बसून एकेक निवडला मी."

"तो मी तेरा वर्षांचा झालो म्हणून केला होता. सगळी माणसं बोलावली होती. मी देवळात तोराची पोथी वाचली होती."

"तोरा वाचलीस ती सकाळी. मलिदा सांजचा. तो नवसाचा मलिदा, फेडायचा." ती आता वळली आणि पदराला हात पुसत त्याच्याकडे बघायला लागली. "पोराच्या वतीनं आईनं बोलायचं ते तेरा वर्सांपर्यंतच. पुढं त्याचं पाप-पुण्य त्याच्यापाशी. मी तसंच बोलले होते, की तेरा वर्सांचा होईतो ह्याला शब्बाथ मोडू देनार नाय. नाय दिला. पोहे भिजवले, खोबरं घातलं, पाच फळं मांडली, एलियाहूचं गानं म्हटलं नि मोकळी झाले. तुला ठाऊक नाय?"

"नाही."

"कमाल हाय! तबक तूच धरलं होतंस की!"

अबनेरला तबक आठवत होतं. पोह्यांवरची केळ्यांची कापं आठवत होती. सगळे त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होते, आणि त्याला वाटलं होतं, आपण मोठे झालो म्हणून.

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कवा? एकवीस वर्सं झाली, आज तोंड उघडतोयस. मला वाटलं, पोराला आवडतं. शब्बाथ पाळतोय, बरं हाय की! लोकांची पोरं सिगारेटी फुंकत फिरतात, आपला पोर देवळात बसतो. मी कशाला मधी पडू?"

"तेल अवीवचा माणूस आला होता तेव्हा?"

शेगुलाबाईने शरबताचं भांडं झाकलं, झाकणावर वाटी ठेवली, वाटी सरळ केली.

"ते तुज्या बाबाचं. नवसाचा तिथं काय संबंध?"

"ते म्हणाले, शनिवारी आमचा मुलगा खेळत नाही."

"म्हनाला. मग काय सांगनार होता त्या मानसाला, की मला भ्या वाटतं? तुला आठवत नाय, तू ल्हान होतास. आमी हितं आलो तवा यरुशलेमचे मोठे गुरू विचारत होते, हे हिंदुस्थानातनं आलेले खरे यहुदी हायत कशावरून? आमच्या बाया-पोरांनी रस्त्यावर बसून दिवस काढले. तुजा बाबा त्यात होता. तो म्हनाला, शेगुला, हा तिकडं जाईल, शनिवारी पेपरात फोटो येईल, नि लोक म्हनतील, बघा, म्हटलं नव्हतं, हे कसले यहुदी! आनि वर एकटा पोर त्या गोऱ्यांत, काळा म्हनून चिडवतील. जीव होईना त्याचा. शब्बाथचं नाव सांगितलं, काम भागलं."

"मला वाटलं, नवस."

"तू काय बोललास का तवा? मान हलवलीस नि आत निघून गेलास. बाबा म्हनाला, बघ कसा समजूतदार पोर हाय. रातभर झोपला नाय पन तो. आमी वाट बघत होतो, तू भांडशील म्हनून. भांडला असतास तर सोडला असता त्यानं."

अबनेरला वाटलं, आता काहीतरी होईल. छातीत कळ येईल, किंवा आपण ओरडू, भांडं फेकू. तो थोडा वेळ वाट बघत बसला. काही झालं नाही. समोर माशाचा तुकडा होता, तो त्याने खाल्ला. मीठ बरोबर होतं.

"आता माज्यावर खापर फोडू नको," शेगुलाबाई म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता. "जायचं तर जा. तुजं तू बघ. मी तुला बांधून नाय घातलेलं."

"मी कुठे काय म्हणतोय," तो म्हणाला, आणि हात धुऊन निघाला.

संध्याकाळी घरी दिवे लागले होते, पोरी जेवून खाली खेळायला गेल्या होत्या. बायकोला, मिल्काला, त्याने सगळं सांगितलं. एरवी तिला अशा गोष्टी दोन-दोनदा सांगाव्या लागत नसत, पण हे तिने दोनदा सांगायला लावलं.

"एकवीस वर्षं?"

"एकवीस."

"आणि तू ओरडला नाहीस?"

"नाही."

"भांडला नाहीस? काही बोलला नाहीस?"

"मासा खाल्ला."

मिल्का त्याच्याकडे बघत राहिली आणि एकदम हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे देवा! अबनेर, अरे कसला रे तू माणूस! मी जाते उद्या, मी भांडते त्यांच्याशी. म्हातारी झाली म्हणून काय झालं? माणसाचं आयुष्य आहे की फडक्यातल्या मनुका?"

"नको. तिची काय चूक?"

"मग कुणाची?"

चूक कुणाची तरी असायला हवी होती, एवढं खरं. आईने नवस बोलला, तो फेडलाही. बाबा घाबरले, ते घाबरण्यासारखंच होतं. आणि त्याने स्वतः कधी विचारलं नाही, कारण नवसाचं काय विचारायचं? नवस तो नवस.

"मग मला एक सांग," मिल्का म्हणाली. तिने ब्रेडचे तुकडे गोळा करून ताटात टाकले. "आता तू शब्बाथ पाळतोस तो कुणाचा?"

"माहीत नाही."

"तुला पाळावासा वाटतो?"

"ते कधी बघितलंच नाही."

"मग उद्या बघ. जा तू. जाच."

शनिवारी सकाळी तो देवळात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, गेला आणि बाबांच्या जागेवर बसला. सगळ्या प्रार्थना त्याला पाठ होत्या, तोंड आपोआप चालत होतं. मध्ये मध्ये तो स्वतःला विचारून बघत होता, की अबनेर, तुझं काय म्हणणं आहे? तुला हे हवं आहे का? आतून कुणी बोललं नाही. हवं आहे असंही नाही, नको असंही नाही. एखादं खातं बंद होऊन वर्षं झाली आणि आपण रोज तिथे जाऊन उभे राहतो, तसं काहीसं त्याला वाटलं, आणि तेही फार वाटलं नाही.

दुपारी साडेचारला खालून गाडीचा हॉर्न वाजला. न जायला काही कारण आहे का, हे अबनेरने एकदा शोधलं. सापडलं नाही, म्हणून तो उठला. बूट पिशवीत घातले, पोरींच्या डोक्यावर हात ठेवला. मिल्काने त्याला पाण्याची बाटली दिली आणि जिन्यापर्यंत आली.

खाली बाकावर देवळातले म्हातारे एझिकेलकाका बसले होते. "शब्बाथ शालोम, अबनेर," ते म्हणाले, आणि मग त्यांना पिशवी दिसली, गाडी दिसली, मास्तर दिसला. काका घाईघाईने आपल्या चपलेचा पट्टा बघायला लागले. तो काही तुटलेला नव्हता.

"शब्बाथ शालोम, काका," अबनेर म्हणाला आणि गाडीत बसला.

घटसर्पाआधी कधी तो शनिवारी गाडीत बसला असेल तर तेवढंच. रस्ता रोजचाच होता. तीच टेकाडं, तेच उंट रस्त्याच्या कडेला तोंड वाकडी करून उभे. मास्तर सारखा त्याच्याकडे बघत होता.

"बरा आहेस ना?"

"बरा आहे."

"आईने परवानगी दिली?"

"आईने एकवीस वर्षांपूर्वीच दिली होती. मला आत्ता कळलं."

मास्तरला वाटलं, हा थट्टा करतोय. मग त्याने त्याचा चेहरा बघितला आणि पुढचे दहा किलोमीटर तोंडातली बी चावलीसुद्धा नाही. "म्हणजे तेव्हा तेल अवीवला..." त्याने मध्येच सुरुवात केली.

"रस्त्याकडे बघा, मास्तर."

सामना चांगला झाला, असं सगळे नंतर म्हणाले. अबनेर पहिल्यापासून शेवटपर्यंत उतरलेला होता. गुडघा दुखत होता, पण गुडघ्याचं दुखणं ओळखीचं होतं. चेंडू फळीवर आपटून परत आला, की तो कुठे पडणार हे त्याच्या हातांना आधीच कळायचं, ते त्यांना नेहमीच कळत असे. हात वर जात, चेंडू येई, तो खाली देई. पुन्हा वर. साच्यावर सूत जोडावं तसा तो खेळत होता, न बघता, न चुकता. लोक ओरडायला लागले, होदू, होदू! शनिवारी त्याच्या नावाने कुणी ओरडतंय हे तो पहिल्यांदा ऐकत होता. छान वाटायला हवं, त्याच्या मनात आलं.

चाळीस सेकंद उरली होती, दोन्ही संघ बरोबरीत होते, आणि समोरच्याने त्याला ढकललं. दोन मोकळे फेके मिळाले. सगळा हॉल उभा. अबनेर रेषेवर उभा राहिला. आयुष्यात त्याने हा क्षण हजार वेळा बघितला होता, शनिवारी दुपारी, खाटेवर पडून, छताकडे बघत. त्यात तो नेहमी थरथरत असे. आता त्याचा हात स्थिर होता. पहिला गेला. दुसराही गेला. समोरच्यांना पुढे काही जमलं नाही आणि शिट्टी वाजली.

मास्तर रडत होता, बी तोंडात तशीच. त्याने उडी मारून अबनेरची मान धरली आणि खाली ओढून कपाळाचा मुका घेतला. "अरे हस की लेका! काय झालं तुला? वरचा गट! दिमोना! हस!"

अबनेर हसला.

समोरच्या संघाचा मास्तर हात मिळवायला आला. पांढऱ्या मिशांचा, जाणता माणूस. त्याने अबनेरचा हात सोडलाच नाही. "तू इतकी वर्षं होतास कुठे?"

"दिमोनात."

"शनिवारी कधी दिसला नाहीस."

"त्याचा नवस होता," शाऊल मास्तर मध्येच म्हणाला आणि अबनेरला पुढे ढकललं.

कपडे बदलताना पोरं बाकांवर उभी राहून गात होती. अबनेर कोपऱ्यात बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. हे एवढंच होतं? ज्याच्यासाठी तेल अवीव गेलं, ज्याच्यापासून वीस वर्षं दूर राहिलो, ते हे, एक लाकडी जमीन, दोन जाळीच्या कड्या आणि एक चेंडू? सोमवारी-गुरुवारीही हेच असायचं. वाईट याचंही वाटायला हवं होतं. त्याला फक्त तहान लागली होती. मिल्काने दिलेली बाटली त्याने संपवली.

परत येताना अंधार पडला. टेकाडांवर तारे दिसायला लागले, तीन, मग मोजता येणार नाहीत एवढे. मागच्या गाड्या सारख्या हॉर्न वाजवत होत्या. मास्तर म्हणाला, सगळे चौकात जमणार आहेत, मेयरसुद्धा येतोय. अबनेर म्हणाला, मला आईच्या दाराशी सोडा.

जिन्यावरचा दिवा गेलेला होता. आईचं दार नुसतं लोटलेलं होतं, आणि आत काळोख.

"आय?"

"हितंच हाय."

खाटेवरून आवाज आला. अबनेरचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला.

"नको लावू," शेगुलाबाई म्हणाली. "शब्बाथ हाय."

"आय, साडेआठ वाजून गेले. तारे केव्हाच निघाले. शब्बाथ उठला."

"भायेरचा उठला असंल. माजा नाय उठला अजून. तू आल्याबिगर कसा उठंल?"

बाबा गेल्यापासून सहा वर्षं, दर शनिवारी अंधार पडला की तो इथे येई, पेला हातात घेऊन हबदाला, शब्बाथ उठवायची प्रार्थना, म्हणे, पवित्र वेगळं आणि साधं वेगळं असं देवाला सांगे, आणि मगच ती दिवा लावून चहा टाकत असे. कधी दहा मिनिटं उशीर झाला नव्हता. आज तो कुठे गेलाय हे तिला ठाऊक होतं, खालचा हॉर्न तिने सज्ज्यातून ऐकला असणार. ते चार शब्द तिला स्वतः म्हणता आले असते, बायका म्हणतातच. तिने म्हटले नव्हते. गॅस पेटवला नव्हता, चहा घेतला नव्हता. अंधारात बसून होती.

"जिंकलात?"

"जिंकलो."

"तू खेळलास?"

"खेळलो."

"गुडघा?"

"आहे."

"बरं झालं," ती म्हणाली. "पेला टेबलावर हाय. लवंगा बशीत. काडेपेटी तुज्या हाताशी."

त्याच्या बोटांना काडेपेटी लागली. त्याने ती उचलली, उघडली, एक काडी काढली. आता ओढायची आणि म्हणायचं, एवढंच होतं, सगळे शब्द पाठ होते. त्याचा स्वतःचा शनिवार साडेचारलाच गेला होता, गाडीच्या दारात, कुणी काही न म्हणता. कुठल्या तोंडाने तो हिचा संपवणार होता? काडी त्याने परत पेटीत ठेवली आणि पेटी मिटली.

"आय, जरा बसू का?"

"बस की. मला कुठं जायचंय?"

ती सरकली, खाट करकरली. तो तिच्याशेजारी बसला. खाली रस्त्यावर गाड्यांची मिरवणूक आली होती, हॉर्न वाजत होते, पोरं "होदू, होदू" करून ओरडत होती. शेगुलाबाईने विचारलं, "तुलाच हाका मारतात का रे?" तो हो म्हणाला. वर त्या खोलीत अजून शब्बाथ होता, आणि अबनेर त्यात बसून राहिला.